पहिल्या पंधरवड्याची जबाबदारी कोणाची?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि आपल्या सांगली-सातारा भागात जर्मनीचा विषय घरोघरी निघू लागला. नर्सिंग झालेली मुलगी, आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन, हॉटेलात काम करणारा पोरगा, यांच्या घरी बी-वन, बी-टू या जर्मन भाषेच्या परीक्षांच्या गप्पा चालतात. व्हिसा कधी मिळेल, पगार हातात किती पडेल, मध्यस्थ किती घेईल, हे सगळे विचारून होते. पण मुलगा उतरेल त्या रात्री झोपेल कुठे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दुकान, बस आणि कचेरी कोण दाखवेल, हे विचारणारे आईबाप फार थोडे. हे पत्र त्या पहिल्या पंधरा दिवसांविषयी आहे. जरा लांबले आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

उदाहरण घेतो आहोत ते वाचकांना लांबचे वाटेल. अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी इथे मुख्यालय असलेला एक ख्रिस्ती पंथ आहे, १८३० साली स्थापन झालेला. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. त्यांना स्वतःला हे नाव रुचत नाही. २०१८ पासून तर ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे पूर्ण नाव घ्यावे, असा त्यांचा आग्रह असतो. या पंथातली १८-१९ वर्षांची हजारो मुले दरवर्षी अनोळखी मुलखात धर्मप्रचाराला जातात. त्यांचा धर्मविचार पटतो की नाही, धर्मांतर योग्य की अयोग्य, हा वाद आम्हाला इथे घालायचा नाही. आम्हाला बघायची आहे ती निव्वळ व्यवस्था. घराबाहेर कधी न राहिलेले पोर परक्या भाषेच्या गावात पंधरा दिवसांत आपल्या पायावर उभे कसे राहते, याचा इतका बारकाईने केलेला विचार आम्हाला दुसरीकडे सापडला नाही.

त्यांचे ठळक नियम आधी सांगतो. २०१२ मध्ये त्यांनी जाण्याचे किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ वर आणले, २०२५ मध्ये मुलींसाठीही १८ केले. मुलांची सेवा २४ महिने, मुलींची १८ महिने. देश कोणता, हे स्वतः निवडायचे नाही. पत्र येईल तिकडे जायचे. पगार नाही, उलट घरूनच दरमहा पैसे भरायचे. अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी ही रक्कम २०२० मध्ये महिना ४०० डॉलरवरून ५०० डॉलर झाली. इथे एक गोष्ट टिपण्यासारखी आहे. मुलगा महागड्या टोकियोला जावो की स्वस्त गावाला, घरच्यांनी भरायची रक्कम तीच. पैसे एका ठिकाणी जमा होतात आणि ज्या त्या गावच्या खर्चाप्रमाणे वाटले जातात. त्यामुळे गरीब घरचा मुलगा महाग गावात अडकून पडला, असे होत नाही.

आता भाषा. युटातच, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला साधारण ७० किलोमीटरवर प्रोव्हो नावाचे शहर आहे. तिथे त्यांचे सर्वांत मोठे प्रशिक्षण केंद्र आहे आणि ५० हून अधिक भाषा शिकवल्या जातात. नवी भाषा शिकायची असेल तर प्रशिक्षण साधारण सहा ते नऊ आठवड्यांचे. सहा आठवड्यांत भाषा काय येणार, असे कुणीही म्हणेल, आणि ते खरेच आहे, येत नाहीच. पण तिथे शिकवतात ते व्याकरणाच्या पहिल्या पानापासून नाही. शिकवणारे बहुतेक विशी-बाविशीचे, त्याच देशात सेवा करून नुकतेच परतलेले तरुण असतात. पहिल्या तासापासून ते वर्गात तीच भाषा बोलतात. पहिल्या आठवड्यातच दोघादोघांच्या जोडीला एका खोलीत पाठवतात. आत एक माणूस घरमालक किंवा अनोळखी कुटुंबातला सदस्य बनून बसलेला असतो आणि त्याच्याशी त्याच भाषेत बोलून यायचे असते. मुले तोंडाशी कागद धरून अडखळत बोलतात, घाम फुटतो, आणि बाहेर आल्यावर कोणता शब्द नडला ते नेमके कळलेले असते. मग त्या दिवशीचा अभ्यास त्या शब्दाचा. आपसात जेवताना, रांगेत उभे राहतानासुद्धा जेवढे येते तेवढे त्या भाषेतच बोलायचे, असा नियम. ‘स्पीक युवर लँग्वेज’ या तीन शब्दांवरून ते त्याला एसवायएल म्हणतात.

आपल्याकडच्या वर्गांत याच्या बरोबर उलटे चालते. परीक्षेचा नमुना पेपर सोडवून घेणे म्हणजे शिकवणे, अशी समजूत झाली आहे. मुलगी बी-वन पास होते, पण रुग्णाने ‘पाठीत इथे दुखतंय, जरा कुशीवर वळव’ म्हटले की तिला कळत नाही. कारण पेपरात कूस नव्हती, पाठ नव्हती. शिवाय बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या बऱ्याच भागात म्हातारी माणसे पुस्तकी जर्मन बोलत नाहीत, श्वेबिश ही बोली बोलतात. पुस्तकातले ‘निष्ट’ (नाही) तिथे ‘नेट’ होते, ‘आइन बिसशेन’चे (थोडेसे) ‘अ बिसले’ होते. पुण्याची पुस्तकी मराठी शिकून आलेला परदेशी माणूस जतच्या किंवा म्हसवडच्या बाजारात ‘काल आलतो, तू नव्हतास’ ऐकून जसा गोंधळेल, तसेच हे. दोन महिन्यांत कान सरावतो. पण हे आधी सांगितलेले नसले तर मुलीला वाटते आपण शिकलो ते सगळे फुकट गेले. पहिल्या आठवड्यात हिंमत खचते ती इथे.

मराठी मुलांच्या जमेच्या बाजूही कुणी त्यांना सांगत नाही. जर्मन भाषेत तीन लिंगे आहेत म्हणून इंग्रज माणूस रडतो. आपल्याला तो, ती, ते नवे नाही. मुलगी या अर्थाचा ‘मेडशेन’ हा शब्द तिकडे नपुंसकलिंगी आहे. आपल्याकडेही ‘ते पोरगं’ म्हणतातच. एकवीस म्हणताना ते ‘एक-आणि-वीस’ असे एकम आधी घेतात, आपणही तेच करतो. ‘डू’ आणि ‘झी’ यांतला फरक तू आणि तुम्ही यांतलाच आहे, आणि नव्या माणसाला, वयस्क रुग्णाला, साहेबाला ‘झी’च म्हणायचे हे आपल्या मुलांना शिकवावेच लागत नाही. पोटवाक्यात क्रियापद शेवटी जाते, तेही आपलेच वळण. वर्गात हे पहिल्या दिवशी सांगितले तर निम्मी भीती तिथेच जाते. अडते ते उच्चारांत आणि लिंग पाठ करण्यात, कारण आपला सूर्य तो, त्यांचा सूर्य ती.

प्रशिक्षण संपून मुलगा परदेशी विमानतळावर उतरतो तो दिवस आता बघू, कारण खरे शिकण्यासारखे इथे आहे. त्या भागाच्या प्रमुखाला मिशन प्रेसिडेंट म्हणतात. तो आणि त्याची पत्नी तीन वर्षांसाठी तिथे राहायला आलेले असतात आणि त्यांच्या हाताखाली शे-दीडशे मुले-मुली असतात. विमानतळावर न्यायला माणूस येतो. पहिले जेवण बहुधा या जोडप्याच्या घरी. मग मुलाशी एकट्याने बोलणे होते: तब्येत कशी, औषध कोणते चालू आहे, घरी कोणाची काळजी आहे. घरी सुखरूप पोचल्याचे कळवले जाते. मग झोप. दुसऱ्या दिवशी त्याची त्याच्या ट्रेनरशी गाठ घालून देतात.

ट्रेनर म्हणजे कोणी वयस्कर गुरू नव्हे. वर्ष-दीड वर्ष आधी आलेला, जवळजवळ त्याच वयाचा मुलगा. पुढचे साधारण बारा आठवडे दोघांनी एकत्र राहायचे, एकत्र बाहेर पडायचे. एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहणे हा त्यांचा कडक नियम आहे. पहिल्या दिवशी ट्रेनर बोलतो आणि नवा ऐकतो. हळूहळू एखादे वाक्य, मग एखादा प्रसंग नव्याकडे सोपवला जातो. बसचे तिकीट कसे काढायचे, भाजीवाल्याला किती सुटे द्यायचे, कुठल्या गल्लीत कुत्रे अंगावर येते, पाणी कुठले प्यायचे, हे सगळे पहिल्या दोन दिवसांत बोट धरून दाखवले जाते. घर शोधायचा प्रश्नच नाही. खोली मिशनच्या कचेरीने आधीच भाड्याने घेतलेली असते, पलंग आणि भांडी तयार असतात. जेवणाखाण्याचे पैसे दरमहा एका कार्डावर येतात. म्हणजे घर, पैसे आणि सोबत या तीन गोष्टी मुलगा पोचायच्या आधी लावून ठेवलेल्या. मग राहते ती फक्त भाषा आणि काम.

दिवसाची आखणीही ठरलेली. सकाळी उठणे, अर्धा तास व्यायाम, मग अभ्यास, त्यात भाषेचा वेळ वेगळा. रोज दोघांनी मिळून दिवसाची कामे मांडायची. आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणे, बाजार, केस कापणे, घरी पत्र लिहिणे यासाठी राखलेला. पोहायला मनाई. आपल्याला हा नियम विचित्र वाटेल, पण अनोळखी पाण्यात परका माणूस बुडतो हे खरे आहे. कृष्णेत पोहून वाढलेल्या मुलांनीही युरोपातल्या तळ्यांबाबत हे ध्यानात ठेवावे. मे महिन्यात ऊन चांगले असते, पण पाणी बर्फासारखे असते. अंगाला एकदम गार लागले की श्वास अडकतो आणि पट्टीचा पोहणाराही पहिल्या दोन मिनिटांत बुडू शकतो.

खाण्यापिण्याचे त्यांचे पथ्यही सांगण्यासारखे आहे. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना चालत नाही. घरी आलेल्याच्या हातात चहाचा कप न देता त्याला परत पाठवणे आपल्याला जमत नाही, तसेच जगात अनेक ठिकाणी आहे. म्हणून चहा नको म्हणण्याचे वाक्य त्या त्या भाषेत नम्रपणे कसे म्हणायचे आणि त्याऐवजी काय मागायचे, हे ते पहिल्या दिवसांतच शिकून घेतात. आपल्या शाकाहारी मुलांना, आणि चतुर्थी-एकादशी धरणाऱ्यांना, हीच तयारी लागते. ‘मी मांस खात नाही’ एवढे म्हणून भागत नाही. मासे, कोंबडी, हाडांच्या पाण्यातले सूप, प्राण्यांच्या जिलेटिनची मिठाई ही नावे वेगवेगळी घ्यावी लागतात, नाहीतर यजमान प्रेमाने चिकन सूप पुढे करतो आणि दोघेही अवघडतात.

ही शिस्त त्यांना पहिल्यापासून सुचली असे मात्र नाही. या पंथाचे पहिले प्रचारक आपल्या मुलखात फार पूर्वी येऊन गेले. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस १८५२ मध्ये मुंबईला उतरला, पुण्यातही राहिला, मराठी शिकला. १८५३ मध्ये युटाहून आणखी काही जण कलकत्त्याला आले. त्या काळी पदरी पैसा न घेता निघायचे आणि गावच्या लोकांच्या आसऱ्यावर राहायचे, अशी त्यांची रीत होती. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या खेड्यात ती चालून जायची. इथे परक्याला जेवायला वाढण्याचे नियम वेगळे, भाषा वेगळी, उन्हाळा वेगळा, आणि कंपनी सरकारचे अधिकारी छावणीत प्रचार करू द्यायला नाखूश. चार-पाच वर्षांत ते काम आटोपले. त्याच्या उलट उदाहरण आपल्या दारात आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर १८८९ मध्ये इकडे आला तो वेगळ्या, प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे. त्याने सुरुवात सांगलीत छोट्या दवाखान्याने केली आणि १८९४ मध्ये मिरजेचे इस्पितळ उभे राहिले. त्याच्यामागे संस्था होती, आधी येऊन स्थिरावलेली माणसे होती. मिरज आज वैद्यकीय गाव म्हणून ओळखली जाते त्याची मुळे तिथवर जातात.

आणि आपल्या मातीत तर ही रीत कुणी न शिकवताच चालत आली आहे. विटा, खानापूर, आटपाडी आणि तिकडे माण-खटाव भागातले गलाईवाले. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत गावोगाव पांगलेली ही माणसे. तिथल्या दुकानात नवा पोरगा कधी एकटा जात नाही. मामा नाहीतर चुलता घेऊन जातो. दुकानाच्या माडीवर झोपायची सोय असते, जेवण एकत्र असते. पोरगा आधी झाडलोट करतो, भट्टीजवळ बसतो, गिऱ्हाईक आणि मालक काय बोलतात ते ऐकतो. आकडे आणि वजने आधी येतात, मग दुकानातली बोली, मग बाजारातली. तमिळ किंवा मल्याळम लिहिता येत नाही, पण सहा महिन्यांत बोलता येते. मॉर्मनांनी जे नियमांच्या पुस्तकात लिहिले, ते आटपाडीच्या माणसाने नात्यागोत्यावर उभे केले. जर्मनीच्या वाटेवर मात्र आपण हे विसरलो, कारण तिथे मामा नाही, आणि मामाची जागा घेणारे कोणी आपण नेमलेले नाही.

मामा नसला की काय होते, ते थोडे तपशिलात सांगतो.

जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. ही नोंद नसेल तर अनेक बँका खाते उघडत नाहीत. खाते नाही तर पगार कुठे जमा होणार? आणि घरमालक म्हणतो, आधी पगाराचा कागद दाखव. हे चक्र फक्त एकाच ठिकाणी तुटते: पोचण्याआधी असे घर किंवा वसतिगृह ठरलेले असणे, जिथला मालक नोंदणीचा दाखला लेखी द्यायला तयार आहे. दहा दिवसांसाठी घेतलेल्या हॉटेलच्या किंवा मित्राच्या मित्राच्या खोलीवर हा दाखला सहसा मिळत नाही. तिकीट काढण्याआधी एवढा एकच प्रश्न मध्यस्थाला विचारावा: दाखला कोण देणार आणि कधी?

दुसरी चूक इतकी लहान आहे की ती कुणाच्या लक्षात येत नाही. तिकडे खोली क्रमांकावर पत्र येत नाही, आडनावावर येते. दाराच्या घंटीवर आणि टपालपेटीवर आपले आडनाव चिकटवलेले नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. करक्रमांक, आरोग्य विम्याचे कार्ड, बँकेचा पिन, परकीय नागरिक कचेरीची तारीख, हे सगळे टपालाने येते. चार मुले एका घरात राहत असतील आणि पेटीवर जुन्या भाडेकरूचेच नाव असेल, तर तीन आठवडे काहीच येत नाही आणि मुलांना वाटते सरकारी काम रखडले. पासपोर्टवर जसे स्पेलिंग आहे तसेच नाव, पहिल्याच संध्याकाळी, कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवायचे. आपल्याकडे ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असते किंवा वडिलांचे नाव मध्ये येते, त्यांनी तर हे दुप्पट काळजीने करावे.

शनिवारी रात्री उतरू नये. रविवारी जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात, कचेऱ्या बंद असतात, आणि सिमकार्ड ओळख पटवल्याशिवाय चालू होत नाही. सोमवार ते बुधवारच्या दरम्यान दुपारी पोचेल असे विमान बघावे, दोन-तीन हजार रुपये जास्त गेले तरी चालतील. हातात सुटे युरो असावेत, कारण लहान दुकानांत आणि बेकरीत अजूनही रोख मागतात. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच परकीय नागरिक कचेरीची वेळ मागून ठेवावी. ती मिळायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि व्हिसाची मुदत संपायच्या आत राहण्याचा परवाना हातात पडायला हवा.

सामानाचेही तसेच. प्रत्येक आई साताऱ्याचे कंदी पेढे आणि डब्यात तूप देते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. विमानतळावर तपासणी झाली तर पेढे कचऱ्यात जातात. ताजा कढीपत्ता आणि बहुतेक ताजी फळेही रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. भडंग, बेदाणे, हळद, कोरडी चटणी, मेतकूट खुशाल द्यावे. आखातातून विमान बदलणार असेल तर खसखस अजिबात देऊ नये; संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या नियमात येते. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही, तळ लोखंडी चुंबक धरणारा हवा. घरचा फ्रीजवरचा चुंबक लावून इथेच तपासा. फोडणीच्या धुराने छतावरचा अलार्म वाजतो, त्यामुळे खिडकी उघडूनच फोडणी द्यायची. आणि थंडी आहे म्हणून खिडक्या बंद ठेवून आत कपडे वाळवले की ओल भिंतीत बसते, बुरशी येते, आणि घर सोडताना अनामत कापली जाते. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खिडकी पूर्ण उघडणे हा तिकडे भाड्याच्या घराचा रिवाजच आहे. आजारी पडल्यास काय, तेही आधी पाठ हवे: जिवावर बेतले तर ११२, दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७.

आता मनाचे. मॉर्मन मुलांना २०१९ पर्यंत घरी फोन फक्त नाताळ आणि मातृदिनाला करता यायचा. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा फोन किंवा व्हिडिओवर बोलण्याची परवानगी मिळाली. इतकी वर्षे चाललेला तो जुना नियम आम्हाला कठोरच वाटतो आणि तो बदलला हे बरे झाले. पण आपण दुसऱ्या टोकाला आहोत. मुलगी रोज चार तास घरी व्हिडिओवर असते, जेवताना, झोपताना, आणि तिच्या घरातल्या जर्मन मुलीशी दोन वाक्येही बोलत नाही. आईला बरे वाटते, मुलीची भाषा मात्र तिथेच राहते. उन्हाळ्यात आपले घड्याळ साडेतीन तास पुढे असते, हिवाळ्यात साडेचार. तिची कामाची पाळी संपेपर्यंत इथे अनेकदा मध्यरात्र होते. आठवड्यातले दोन ठरलेले वार आणि ठरलेली वेळ, एवढे पुरेसे आहे. मध्ये एखादा निरोप. हे घरच्यांनीच ठरवायचे. मुलगी स्वतःहून म्हणणार नाही.

पहिल्या आठवड्यात नवलाई असते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घर आठवते. झोप उडते, पोट बिघडते, चूक झाली की रडू येते. मॉर्मनांच्या पुस्तिकेत या ताणाचे हिरवा, पिवळा, नारंगी, लाल असे चार रंग केले आहेत. पिवळा म्हणजे जमेल पण ओढाताण होते आहे, तो चुकीचा नाही. नारंगीवर कुणाशी तरी बोलायचे. लाल आला की वरच्याला कळवायचेच, लपवायचे नाही. ‘कसा आहेस’ विचारले की आपला मुलगा ‘बरा आहे’ म्हणणार. ‘कुठला रंग’ विचारले की खरे सांगतो. काही मुले मुदतीआधी परत येतात, आणि त्यांच्या समाजातही अशा मुलाला मान खाली घालावी लागते. इथे आपण शहाणपणा दाखवावा. तीन महिन्यांत परतलेल्या मुलाला ‘जमलं नाही होय’ असे पारावर विचारणे बंद व्हायला हवे, कारण त्या भीतीने कित्येक जण लाल रंगातही तिथेच थांबतात.

त्यांची आणखी एक सवय आम्हाला फार मोलाची वाटते. आठवड्यातून एकदा दोघे जोडीदार समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने सांगतात: या आठवड्यात तुझे काय आवडले, काय खटकले. भांडी कोणी घासायची, दिवा कधी बंद करायचा, कोण घोरतो, सगळे. एका घरात चार मराठी मुले राहतात तेव्हा पहिल्या महिन्यात भांडण होते ते भांड्यांवरून आणि विजेच्या बिलावरून, आणि मग दोघे घर सोडतात. रविवारी अर्धा तास बसले तर बरेच टळेल.

सगळेच घ्यावे असे नाही. चोवीस तास जोडीदाराची नजर, कुठे जायचे-न जायचे याचे हुकूम, किती लोकांना भेटलात याचा आठवड्याचा हिशोब, हा दबाव कामावर गेलेल्या प्रौढ मुलांवर असता कामा नये. सोबत असावी ती पहिल्या महिन्यापुरती, मग ज्याचा तो मोकळा.

आमचे मागणे मोठे नाही. शासनाच्या योजनेत, आणि खासगी मध्यस्थांच्या करारातही, चार ओळी लेखी असाव्यात: विमानतळावर कोण येणार, पहिल्या महिन्याचा नोंदणीलायक पत्ता कोणता, त्या गावात आधीपासून राहणारा मराठी किंवा निदान भारतीय सोबती कोण, आणि नोंदणीच्या दिवशी कचेरीत बरोबर कोण जाणार. सोबत्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. फुकटच्या भरवशावर ही गोष्ट चार दिवसही टिकत नाही. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून गेलेली जी मुले-मुली तिकडे वर्षभर स्थिरावली आहेत, त्यांची गाववार यादी त्यांच्या परवानगीने दोन्ही जिल्ह्यांच्या कौशल्य विकास कार्यालयांनी करावी. सुट्टीवर आलेल्या नर्सला भाषेच्या वर्गात दोन दिवस बोलवावे आणि तिला रुग्ण बनवून पलंगावर झोपवावे. पेपर सोडवण्याचे दोन तास त्या दिवशी बंद ठेवले तरी चालतील.

तोपर्यंत घरच्यांनी एक कागद करावा. एका बाजूला जर्मनमध्ये, मोठ्या अक्षरांत: पूर्ण पत्ता, घरमालकाचे नाव आणि फोन, कामाच्या ठिकाणच्या माणसाचे नाव आणि फोन, रक्तगट, चालू औषधाचे मूळ नाव, कशाची ॲलर्जी आहे ते. दुसऱ्या बाजूला मराठीत पहिल्या सात दिवसांची कामे, रोज दोनच. त्याच्या तीन प्रती काढाव्यात, एक घरी, एक सामानात, एक पासपोर्टच्या पाकिटात. मोबाइलमध्ये फोटो आहे म्हणून कागद टाळू नये. उतरल्यावर सिम चालत नाही, चार्जिंग संपलेले असते आणि टॅक्सीवाला पत्ता विचारत असतो, तेव्हा तो कागदच पुढे करता येतो.

आपले,
परदेशी जाणाऱ्यांना जर्मन शिकवणारे तीन शिक्षक,
विश्रामबाग, सांगली